उम्म सिदराचं पहिलं घर

उम्म सिदरा गावात कुणाच्याही घराला पत्ता नव्हता. कुवेतमधल्या फिंतासवरून समुद्र डाव्या हाताला ठेवून दक्षिणेला निघायचं आणि उजवीकडे लांबवर अहमदीच्या तेलविहिरींचा काळा धूर दिसायला लागला की उतरायचं. पुढे कुणाचंही घर शोधायचं तर तीन खुणा पाठ असाव्या लागत. दार, घड्याळ आणि बर्फ. गावातली मोठी घरं तीन, म्हणून खुणाही तीन. बाकीच्यांची घरं या तिघांच्या मागे, पुढे, नाहीतर बाजूला असत.

दार होतं हाजी अब्बासचं. त्याच्या आजोबांची मोत्यांची गलबतं होती. पाणबुडे बुडाले आणि हाजीचं घराणं वर आलं, असं गावातली म्हातारी माणसं हळू आवाजात सांगत. आजोबांनी मलबारातून सागवानी दार आणलं होतं, वेलबुट्टीचं, पितळी फुलांचं. पुढे कुवेत शहरातली जुनी जागा सरकारने चढ्या भावाने घेतली, तेव्हा हाजीने इथे आठ खांबांचं नवं घर बांधलं आणि ते दार त्याला लावलं. खांब तीन माणसं उंच, दार दीड माणूस. हत्तीला बकरीचं तोंड लावावं तसं ते दिसे. त्यातून समुद्राच्या ओलाव्याने लाकूड फुगलं आणि दार कायमचं बसलं. हाजी, हाजीच्या बायका आणि हाजीचे पाहुणे, सगळे मुदपाकखान्याच्या बाजूने आत जात आणि आत गेल्यावर दाराचं कौतुक करत.

घड्याळ अबू फारूकचं. हा सिमेंटचा एजंट. त्याने गच्चीवर मनोरा बांधून दोन तोंडांचं घड्याळ बसवलं होतं. एका बाजूला अरबी वेळ, सूर्य बुडाला की बारा वाजतात ती. दुसऱ्या बाजूला इंग्रज साहेबाची. खाऱ्या हवेने वर्षाच्या आत दोन्ही बाजू बंद पाडल्या. तरी लोक जाता-येता वर बघत, आणि ते वेळ बघतात असं अबू फारूकला वाटत असे. तिसरा बर्फाच्या कारखान्याचा मालक. त्याच्या घरात नऊ फ्रीज होते आणि त्यांतल्या सहांत काही नव्हतं, एवढं सांगितलं तरी त्याच्याबद्दल पुरे.

या सगळ्यांची नावं रंगवणारा माणूस म्हणजे झहूर तांडेल, बाणकोटचा. त्याचा बाप गलबतांच्या पाठीवर नावं घालायचा. झहूरनेही तेच केलं. त्रेपन्न साली एका गलबताबरोबर तो कुवेतला आला. गलबताचा रंग उतरला होता म्हणून त्याला घेतलं होतं, आणि इथे पोचल्यावर गलबतच विकलं गेलं. मग तो दुकानांच्या पाट्यांकडे वळला. अरबी त्याला बोलायला यथातथाच येई, पण लिहिताना त्याचा हात असा फिरे की दुकानदार उगाच दोन शब्द जास्त लिहून घेत. हे झहूरला ठाऊक होतं, आणि जगातली एकूण एक माणसं आपल्यापेक्षा एक बोट बुटकी आहेत अशी त्याची त्यामुळे समजूत झाली होती. 'हाजा मिन फज्ल रब्बी', हे सारं माझ्या रबच्या कृपेने, हे वाक्य त्याने उम्म सिदराच्या चौदा फाटकांवर रंगवलं होतं. प्रत्येक वेळी ब्रश धुताना तो म्हणे, "रबची कृपा बलदियाच्या चेकावरच कशी उतरते, ते मना अजून समजला नाय."

बलदिया म्हणजे गावाची नगरपालिका, घेतलेल्या जागांचे चेक तिथूनच निघत. झहूर तिथे रोजंदारीवर रंगारी होता.

तो राहायचा गावाच्या अगदी दक्षिण टोकाला, खलाशांच्या गल्लीत. प्रवाळी दगडाच्या सात खोल्या, वर खजुरीच्या झावळ्या आणि चिखल. त्यांची मालकीण रुकय्या नावाची गावातलीच एक म्हातारी विधवा. भाडेकरू सगळे कोकणातले, बाणकोट, दाभोळ, श्रीवर्धनचे. कुणी शिंपी, कुणी आचारी, कुणी गोदीवर. सहा खोल्यांत पुरुषच पुरुष. सातवीत झहूर आणि त्याची बायको शहरबानू.

बायको जवळ असणं ही तेव्हा चैन होती. लग्नानंतर दोन महिन्यांत झहूर निघून आला होता, आणि पुढची आठ वर्षं नवरा-बायको पत्रांवर संसार करत होती. एकसष्ट साली शहरबानू आली. तिच्या कागदावर शिक्का मारताना कारकुनाने एकच प्रश्न विचारला होता, घर आहे का. कामगारांच्या बराकीत बायका चालत नसत, आणि बायको असलेल्या परदेशी रंगाऱ्याला परवडेल अशी खोली देणारं रुकय्याशिवाय गावात कुणी नव्हतं. गल्ली आहे तोवर शहरबानू आहे, इतका तो साधा हिशेब होता.

आणि त्रेसष्ट साली बलदियाच्या भिंतीवर गावाचा नवा नकाशा लागला. झहूरने तो वरपासून खालपर्यंत वाचला. दार होतं, घड्याळ होतं, बर्फ होता. दक्षिण टोकाला, जिथे त्याची गल्ली असायला हवी होती, तिथे पांढरा कागद होता. त्याने साहेबाला, म्हणजे बलदियाच्या मुहंदिसाला, इंजिनियरला, विचारलं. मुहंदिस म्हणाला, "जिथे काही नाही तिथे काय दाखवणार?"

त्या पांढऱ्या कागदाने झहूरची झोप उडाली. शहरबानूला त्याने काही सांगितलं नाही. तिला दिवस गेले होते.

पुढच्याच महिन्यात हुकूम निघाला. गावातल्या प्रत्येक घरावर नंबर घालायचा. टपाल आता घरपोच येणार होतं. नंबर घालणार झहूर. लोखंडी साचा देऊ केला तर त्याने तो जिवंत खेकडा हातात दिल्यासारखा लांब धरला आणि परत केला. आकडे तो हातानेच काढणार होता.

आता नंबर घालायचे म्हटल्यावर एकपासून सुरुवात हवी, आणि एक कोण, यावर उम्म सिदरातल्या शहाण्यासुरत्या, पांढऱ्या दाढ्यांच्या माणसांनी सात आठवडे घातले. अरबी एक म्हणजे एक उभी रेघ. त्या रेघेसाठी हाजी अब्बासने मुहंदिसाला तीनदा जेवायला बोलावलं आणि तिन्ही वेळा मुदपाकखान्यातून आत नेलं. अबू फारूकने आपल्या दिवानियात, बैठकीच्या दालनात, गावकरी जमवले आणि घड्याळ हे गावाचं मधोमध कसं आहे ते सुतळी लावून दाखवलं. सुतळी त्याच्याच माणसांनी धरली होती. बर्फवाल्याने बलदियाला एक फ्रीज पाठवला. मुहंदिस जेवला, त्याने सुतळी पाहिली, फ्रीज ठेवून घेतला, आणि शेवटी डोक्याला हात लावून झहूरसमोर बसला.

"एकाला एक दिला तर दोघं माझी नोकरी घालवतील," तो म्हणाला.

झहूर या क्षणाची सात आठवडे वाट बघत होता. तो अगदी भोळ्या आवाजात म्हणाला, "साहेब, दक्षिणेकडून मोजा. टोकापासून. तिघांनाही एक मिळणार नाही. कुणाचा अपमान नको."

"टोकाला काय आहे?"

"काही नाही. सात खोल्या आहेत."

मुहंदिसाला तो तोडगा इतका आवडला की त्याने झहूरला स्वतःच्या हाताने चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झहूर स्टूल घेऊन स्वतःच्या चौकटीसमोर उभा राहिला. रुकय्याच्या त्या वाकड्या, वाळवी लागलेल्या चौकटीच्या वर त्याने चुना लावला, तो वाळू दिला, आणि काळ्या रंगात एक रेघ काढली. वर किंचित जाड, खाली निमुळती. पुढे दोन, तीन, सातपर्यंत. शिंपी, आचारी, गोदीवाले, सगळे काम बुडवून बघत उभे होते. शहरबानूने त्या दिवशी सांदणं केली आणि सातही खोल्यांत वाटली.

आता इथे झहूरची चूक सांगायला हवी, कारण ती कोकणच्या माणसालाच होईल अशी चूक होती. बाणकोटात पंचायतीचा माणूस येतो, चौकटीवर घराचा नंबर घालतो, आणि त्या दिवसापासून ते घर सरकारदरबारी घर होतं. भाऊबंद भांडोत, खोत डोळे वटारो, चौकटीवर नंबर आहे त्याला उठवायची कुणाची छाती होत नाही. झहूर याच समजुतीत वाढला होता. नंबर पडला म्हणजे घर पक्कं. इतरांना बुटके समजणाऱ्या या माणसाला एवढा साधा विचार शिवला नाही, की बाणकोटात चौकटीखालची जमीन आपली असते.

"आता काय भ्या नाय," तो बायकोला म्हणाला. "आता नकाशात आपली गल्ली हाय. पत्ता पाठ कर. घर नंबर एक, उम्म सिदरा, कुवेत."

तिने तो दुआसारखा पाठ केला.

काही आठवडे खरंच सुखाचे गेले. विजेचा खांब गल्लीच्या तोंडाशी आला. तिकडे गावात मात्र आग लागली होती. दक्षिणेकडून मोजत गेल्यावर हाजी अब्बासच्या घराला एकतीस आला आणि अबू फारूकच्या घराला अठ्ठेचाळीस. एकतीस हा काही मिरवण्याजोगा आकडा नव्हे, पण अठ्ठेचाळीसच्या शेजारी ठेवला की तो फार चांगला दिसतो, हे हाजीच्या ध्यानात आलं. तो अबू फारूकच्या बैठकीत येऊन कॉफीचा पेला हातात घेई आणि विचारी, "इथपर्यंत चालत येताना दम लागला. किती नंबर म्हणालात तुमचा?"

चार-पाच वेळा हे झाल्यावर अबू फारूक गाडीत बसला आणि खलाशांच्या गल्लीत आला. अंगावरचा काळा झगा, बिश्त, सावरत तो चिखलातून उतरला. सात खोल्यांकडे त्याने पाहिलंही नाही. तो झहूरच्या दारासमोर उभा राहिला आणि मान वर करून त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. मग टाचा उंचावून अंगठ्याने त्याने ती हळूच चाचपली, रंग पक्का आहे ना ते बघायला.

आठ दिवसांत रुकय्याने गल्ली विकली. ती झहूरकडे येऊन रडली. "पोरा, एवढे पैसे माझ्या नवऱ्याने जन्मात पाहिले नव्हते," ती म्हणाली. ती खरं बोलत होती, आणि तिचा राग करावा तर झहूरला तिचं वय आडवं येत होतं.

तो मुहंदिसाकडे धावला. "साहेब, नंबर आहे. तुमच्या वहीत आहे."

"आहेच," मुहंदिस म्हणाला. "नंबर जागेचा असतो, झहूर. माणसाचा नसतो."

खोल्या रिकाम्या करायला दोन महिने दिले होते. इतर सहा खोल्यांतले पुरुष दुसऱ्याच दिवशी वळकट्या बांधून बराकीकडे गेले. पुरुषांना काय, कुठेही पडता येतं. झहूरला शहरबानूला काय सांगावं ते समजेना. इतकी वर्षं ज्या जिभेने तो सगळ्या गावाची टर उडवत होता, त्याच जिभेने तो घरात आला की नुसतं तेलामिठाचं बोले. शेवटी त्याने सांगितलं ते असं:

"पहिलं बाळंतपण हाय. हितं कोण हाय तुझा? बाणकोटाला जा. आई हाय. सहा महिन्यांनी ये."

"आनि ही गल्ली? शिंपी बोलत होता, इकली म्हणून."

"इकली तर इकली. मालक बदलला, भाडा वाढला म्हणून बाकीचे गेले. नंबर पडलेला घर कोण पाडतंय?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. परत यायच्या परवान्यावर सहा महिन्यांची मुदत घालून घेऊन ती मुंबईच्या बोटीत चढली. झहूर धक्क्यावर रुमाल हलवत उभा होता. घरी आला तेव्हा मजूर छप्पर काढत होते.

त्या जागेवर अबू फारूकने चार महिन्यांत घर उभं केलं. सिमेंट त्याचंच. संगमरवरी फाटक झाल्यावर त्याने झहूरला बोलावून घेतलं. "आकडा तूच काढायचा," तो म्हणाला. "अगदी तसाच. हात तोच पाहिजे." वाईट रेघ ओढून सूड घ्यावा असं झहूरच्या मनात होतं. ब्रश टेकला आणि हाताला वाईट ओढताच येईना. ती आधीपेक्षा सुरेख आली. फाटकासमोर उभा राहून अबू फारूकने नवा नंबर कळवायला नोकराकरवी हाजी अब्बासला फोन केला.

बराकीत झहूरकडे बायकोचं एकही पत्र आलं नाही. बाळंतपण होऊन गेलं असेल, काय झालं असेल, त्याला काही कळेना. त्यानेही लिहिलं नाही. लिहायचं तर वर पत्ता घालावा लागला असता, आणि पत्ता घातला की खोटं उघडं पडलं असतं. तिचं पत्र येऊ दे, मग बघू, असं म्हणत तो तिच्यावरच रागावून बसला. आपली चूक असली की दुसऱ्यावर रुसायचं, ही सोय त्याला बरोबर जमली.

पाचव्या महिन्याच्या शेवटी अबू फारूकच्या घरून निरोप आला, आतल्या फाटकावरही एक काढायचाय. झहूर गेला. बैठकीत पाच-सहा पाहुणे होते आणि अबू फारूक त्यांना पितळी तबकातून काहीतरी दाखवत होता. "टपालवाला गाडी थांबवून देतो," तो सांगत होता. "हिंदुस्थानातून. फक्त नंबर एक लिहिलेलं असतं, तरी बरोबर इथेच येतं." पाहुणे पाकिटं हातोहात फिरवत होते. तिकिटं बघत होते. अठ्ठेचाळीस नंबरात त्याला जन्मात असं काही आलं नव्हतं.

पाकिटं चार होती. पत्ता बाणकोटच्या मदरशातल्या उस्तादांच्या हातचा होता; शहरबानू नवऱ्याचं नाव घेत नसे, म्हणून वर नाव नव्हतं. झहूरने ते अक्षर दारातूनच ओळखलं.

"ती माझी आहेत," तो म्हणाला.

अबू फारूकने त्याच्याकडे नीट पाहिलं. नवी वस्तू कुणी परत मागावी तसं. "माझ्या घरी आली आहेत," तो म्हणाला. "माझा नंबर आहे." पाहुण्यांपुढे फार ताणणं बरं दिसेना, तेव्हा त्याने तोड काढली. आतले कागद झहूरने न्यावेत. पाकिटं तबकात राहतील.

झहूरने तिथेच उभ्याने कागद काढले. पहिल्यात मुलगी झाल्याचं होतं. दुसऱ्यात नाव नूरजहाँ ठेवलं, आवडलं का, असं विचारलं होतं. तिसऱ्यात राग होता. चौथं लहान होतं. उस्तादांनी शहरबानूचं बोलणं तसंच उतरवलं होतं. "तुमी जबाब देत नाय. पन माजी पत्रां परत आली नाय, म्हंजे घर हाय आनि तुमी घरातच हाव. आजारी असाल. परवान्याची मुदत सपते, तवा मी पोरीला घेऊन येते." खाली बोटीची तारीख होती. ती त्याच आठवड्यात लागणार होती.

घर आहे का, हा प्रश्न बंदरावरचा कारकून पुन्हा विचारणार होता. नसेल तर मायलेकींना त्याच बोटीने परत.

पाहुणे उठेपर्यंत झहूर बाहेर उन्हात उभा राहिला. मग ज्या माणसाच्या घड्याळावर, बिश्तावर, सिमेंटवर तो दहा वर्षं हसला होता त्याच्यापुढे तो गेला आणि फाटकाशेजारची राखणदाराची खोली मागितली. हात जोडले. अबू फारूकला विचार करायला फार वेळ लागला नाही. राखणदार त्याला हवाच होता. फाटक रंगवणारा माणूसच फाटक उघडतोय, ही गोष्ट पाहुण्यांना सांगायला फार छान होती. शिवाय झहूरची गावाकडची पत्रं याच पत्त्यावर येत राहिली असती. अटी दोन घातल्या. बलदियाचं काम सोडायचं, आणि बैठकीतली विजेची घंटी वाजली की दुसरी वाजायच्या आत हजर व्हायचं.

बंदरावरच्या कारकुनाने कागद पाहिला. घर नंबर एक, उम्म सिदरा. शिक्का मारला.

टॅक्सी फाटकासमोर थांबली तेव्हा दुपार होती. शहरबानू उतरली. कडेवर नूरजहाँ, डोळे मिटलेली. शहरबानूने संगमरवराकडे पाहिलं, वरच्या रेघेकडे पाहिलं, सात खोल्यांची गल्ली शोधत दोन्ही बाजूंना पाहिलं. मग झहूरच्या अंगावरच्या खाकी कोटाकडे पाहिलं. तिने आवाज चढवला नाही.

"नंबर तर तोच हाय," ती म्हणाली.

"होय."

"घर खंय हाय?"

त्याने फाटकाशेजारच्या खोलीकडे हात केला. तेवढ्यात आत घंटी वाजली. झहूरने मुलीला अजून हातात घेतलं नव्हतं. घेण्यासाठी पुढे केलेले हात त्याने कोटाला पुसले आणि दुसरी घंटी वाजायच्या आत तो आत गेला.